कसाल, बिन्याग, लिबिंग : होसे रिसालनं चर्च सोडलं त्याचं प्रकरण

फिलिपिन्समध्ये 'केबीएल कॅथलिक' असा एक थट्टेचा शब्द आहे. कसाल म्हणजे लग्न, बिन्याग म्हणजे बाप्तिस्मा आणि लिबिंग म्हणजे दफन. एवढ्या तीन प्रसंगांनाच जो चर्चची पायरी चढतो, तो केबीएल. (हुकूमशहा फर्दिनांद मार्कोस यांनी काढलेल्या पक्षाची आद्याक्षरंही नेमकी हीच, त्यामुळे थट्टा दुहेरी होते.) मला या शब्दात थट्टेपेक्षा व्यवहार जास्त दिसतो. रविवारची मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, बुडवली तर फार तर आजी कुरकुरते. या तीन खिडक्यांवर मात्र माणूस एकटा जाऊच शकत नाही. मागे आई, बहिणी, मावश्या, बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता-धर्ममाता अशी सगळी रांग उभी असते. धर्म सोडणाऱ्या फिलिपिनो माणसाची गाठ पडते ती या रांगेशी.

ही गाठ तपशिलात नोंदली गेली आहे असं एक प्रकरण त्या देशाच्या राष्ट्रपुरुषाचंच आहे. होसे रिसाल, डोळ्यांचा डॉक्टर आणि कादंबरीकार, ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारनं मनिलात गोळ्या घालून मारलेला. मरणाच्या आदल्या रात्री तो चर्चमध्ये परत आला की नाही, यावर सव्वाशे वर्षं भांडण चालू आहे. भांडण एका कागदाभोवती, त्याच्या लेखी माघारीभोवती, फिरतं. त्या कागदावरच्या सहीबद्दल माझं मत पुढे येईलच, पण त्याआधीची चौदा वर्षं मला जास्त बोलकी वाटतात.

घर

लागुना प्रांतातलं कालांबा गाव. १९ जून १८६१चा जन्म, अकरा भावंडांतला सातवा. तिसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला. बाळंतपण जड गेलं होतं, म्हणून आईनं, तेओदोरा आलोन्सोनं, अंतिपोलोच्या मारियामातेला नवस बोलला होता. तो फेडायला १८६८च्या जूनमध्ये वडील त्याला घेऊन अंतिपोलोला गेले. म्हणजे या मुलाच्या नावावर देवाचं देणं जन्मापासूनच लिहिलेलं होतं, आणि ते आईनं लिहिलं होतं.

पुढे मनिलात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या आतेनेओ शाळेत तो मारियामातेच्या भक्तमंडळात होता. लाकूड कोरायचा नाद होता. येशूच्या पवित्र हृदयाची एक लहानशी मूर्ती त्यानं तिथे कोरली. ही मूर्ती ध्यानात ठेवा.

१८८२मध्ये तो शिकायला स्पेनला गेला आणि माद्रिदमध्ये फ्रीमेसन झाला, म्हणजे चर्चनं निषिद्ध ठरवलेल्या एका गुप्त बंधुमंडळाचा सदस्य. घराला काहीतरी कुणकुण लागली असणार. १८८४च्या सुमारास आईनं लिहिलं, की तू खूप विद्वान व्हावंस यापेक्षा खऱ्या ख्रिस्ती माणसाची कर्तव्यं चुकवू नयेस, यातच मला जास्त गोडी आहे. विद्येनं कधी कधी माणसाचा नाशही होतो. मुलाचं उत्तर वाचण्यासारखं आहे. मूळ तत्त्वांवरचा विश्वास मी सोडलेला नाही, असा दिलासा तो आधी देतो. मग हळूच सांगतो, की लहानपणीच्या समजुतींच्या जागी आता मोठेपणीच्या खात्र्या आल्या आहेत, आणि जे तपासाला टिकत नाही ते आठवणींत जमा करावं लागतं. भीतीपोटी ते धरून ठेवणं त्याला अप्रामाणिक वाटत होतं.

परदेशातून आईला असं पत्र लिहिणारा मुलगा आजही फिलिपिनो घरांत ओळखीचा वाटेल. खोटं बोलायचं नाही आणि आईला दुखवायचंही नाही. अर्धं वाक्य तिच्यासाठी, अर्धं स्वतःसाठी.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. रिसाल नास्तिक नव्हता. देव मानायचा, प्रार्थनेची थट्टा करत नव्हता. देव आणि माणूस यांच्यामध्ये बसून पावत्या फाडणारी संस्था त्यानं नाकारली. तेव्हाच्या फिलिपिन्समध्ये त्या संस्थेच्या हातात शाळा होत्या, जमिनी होत्या आणि जन्म-लग्न-मृत्यूची दप्तरंही होती. कालांबाची शेतं डोमिनिकन या धर्मसंघाच्या मालकीची आणि रिसालचं कुटुंब त्यांचं कूळ. खंडाच्या तंट्यात पुढे या कुटुंबाला घरातून काढलं गेलं. तेव्हा त्याच्या धर्मविचारात जमिनीचा भाग किती आणि तत्त्वज्ञानाचा किती, हे वेगळं काढायला कुणी बसू नये.

मेहुण्याचं दफन

१८८७मध्ये बर्लिनला त्याची पहिली कादंबरी, 'नोली मे तांगेरे', छापून निघाली. तिच्यात नायकाच्या बापाचं प्रेत पाद्र्याच्या हुकमानं कबरीतून उकरलं जातं आणि शेवटी तळ्यात फेकलं जातं. पुस्तकावर चर्चचा राग होताच, आणि दोन वर्षांत कादंबरीतलं घरात आलं.

मे १८८९मध्ये कालांबात कॉलऱ्यानं मारियानो एरबोसा गेला. हा रिसालच्या लुसिया नावाच्या बहिणीचा नवरा. त्याला पवित्र भूमीत जागा मिळाली नाही. गावाबाहेर टेकडीवर पुरावं लागलं. कारण दिलं गेलं, की त्यानं बरीच वर्षं पापांची कबुली दिली नव्हती. रिसाल तेव्हा युरोपात होता. 'ला सोलिदारिदाद' या पाक्षिकात त्यानं यावर जळजळीत लेख लिहिला. कबुली न देता मेलेले इतर कितीतरी लोक बिनबोभाट पुरले जातात, मग याच माणसाचं काय वेगळं, असा त्याचा सवाल होता. उत्तर त्यानंच दिलं: तो माझा मेहुणा होता.

या प्रकरणाची खरी किल्ली मला इथे सापडते. श्रद्धा सोडली होसेनं. खिडकी बंद झाली ती लुसियाच्या नवऱ्यासाठी. पाखंडी माणूस समुद्रापलीकडे सुरक्षित बसलेला होता, त्याला हात लावता येत नव्हता. पण बहीण गावातच होती. तिला नवऱ्याचं प्रेत घेऊन टेकडी चढावी लागली, आणि ती कोणामुळे, हे गावात प्रत्येकाला माहीत होतं. हीच लुसिया तीन वर्षांनी हाँगकाँगहून भावासोबत मनिलाला उतरली, तेव्हा तिच्या उशांच्या गुंडाळ्यांत पाद्र्यांची टर उडवणारी पत्रकं 'सापडली' आणि त्या निमित्तानं भावाला अटक झाली. दोन्ही वेळा वार भावावर, आणि वाट मात्र बहिणीच्या घरातून.

तागालोगमध्ये 'उतांग ना लोऊब' म्हणतात, आतलं ऋण, जे फेडून संपत नाही असं. आणि 'हिया' म्हणजे चारचौघांत वाटणारी लाज. 'वालांग हिया', म्हणजे निर्लज्ज, ही साधी शिवी नाही, ती आईबापांनाही लागते. धर्म सोडणाऱ्याला 'तुझा देव कुठला' असं फारसं विचारत नाहीत. 'तुझ्या आईनं लोकांना तोंड कसं दाखवायचं' असं विचारतात.

दापितान : खोली आणि बायको

अटकेनंतर त्याला मिंदानाओच्या टोकाला दापितानला हद्दपार केलं गेलं. १७ जुलै १८९२ ते ३१ जुलै १८९६, चार वर्षांवर काही दिवस. राहायला दोन जागा होत्या: जेझुइट पाद्री ओबाक यांचं धर्मगृह किंवा लष्करी अधिकारी कार्निसेरो यांचं घर. धर्मगृहात राहायचं तर अटी होत्या. धर्माबद्दलच्या चुका जाहीरपणे मागे घ्यायच्या, स्पेनशी निष्ठा सांगायची, आणि चर्चच्या रीतीप्रमाणे कबुली देऊन नीट वागायचं. तो कार्निसेरोंकडे राहिला.

नंतर जेझुइटांचे प्रमुख पाब्लो पास्तेल्स आणि त्याच्यात लांबलचक पत्रव्यवहार झाला. पास्तेल्स त्याचे शाळेपासूनचे हितचिंतक. पुस्तकं पाठवत, समजावत, कधी रागावत. रिसालही मनापासून उत्तरं देई. माणसाची बुद्धीही देवानंच दिलेली, ती विझवून त्याच्याकडे जाण्यात काय अर्थ, असा त्याचा एकूण सूर. त्यानं पास्तेल्सना संत पॉलचा स्वतः घडवलेला अर्धपुतळा भेट पाठवला. शाळेतले लाडके शिक्षक सांचेझ यांनाही त्याला वळवायला दापितानला धाडण्यात आलं. ते वळवू शकले नाहीत; गुरुशिष्यांनी मिळून गावच्या चौकात मातीचा उठावदार मिंदानाओ नकाशा तयार केला, तो आजही दाखवतात. वाद हरलेल्या माणसांमध्ये इतका जिव्हाळा मी क्वचित पाहिला आहे. पण पत्रांनी कुणाचंच मन बदललं नाही.

१८९३च्या ऑगस्टमध्ये आई आणि त्रिनिदाद ही बहीण दापितानला आल्या. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मुलानं शस्त्रक्रिया केली. ती नीट झाली, पण आईनं सांगितलेलं ऐकलं नाही, पट्टी सोडली आणि डोळा चिघळला. डॉक्टर मुलाची चडफड त्याच्या पत्रांत दिसते. तिला धर्माच्या बाबतीत मुलगा ऐकेना, आणि मुलाला पट्टीच्या बाबतीत आई ऐकेना. दीड वर्ष दोघं एका छपराखाली राहिली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे रिसालला धर्माबद्दल जे काही प्रेमानं ऐकावंसं वाटलं असेल ते तिच्याकडूनच.

ती मनिलाला परतली आणि फेब्रुवारी १८९५मध्ये जोसेफिन ब्रॅकन आली. हाँगकाँगची अठरा वर्षांची आयरिश मुलगी, आंधळ्या पालकपित्याला डॉक्टरकडे घेऊन आलेली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. ओबाक पाद्री म्हणाले, आधी लेखी माघार द्या, आणि सेबूच्या बिशपची परवानगी आणा. सरकारी कचेरीत जाऊन नोंदणी करावी, अशी तेव्हा सोयच नव्हती. तिथे लग्न म्हणजे चर्चचं लग्न.

मार्च १८९५मध्ये जोसेफिन पालकपित्याला सोडायला मनिलाला गेली, तेव्हा तिच्या हातात आईच्या नावाचं पत्र होतं. हिच्याशी मी लग्नाच्या बेतात होतो, अर्थात तुमची संमती धरूनच. अडचणी फार निघाल्या म्हणून तिच्याच सांगण्यावरून थांबलो. तिला जगात जवळचं असं कोणी नाही, तिला मुलीसारखं वागवा. रोमला, बिशपला आणि गव्हर्नर जनरलला न जुमानणारा माणूस 'संमती धरूनच' हे शब्द लिहितो.

ती परत आली आणि दोघं लग्नावाचून एकत्र राहू लागली. बहिणींना ती खटकत होती. हेर असावी अशीही शंका घेतली गेली. १८९६मध्ये अपुऱ्या दिवसांचा मुलगा झाला आणि काही तासांत गेला. आजोबांचं नाव ठेवलं होतं, फ्रान्सिस्को. लग्नाचा कागद नसलेल्या आईबापांचं मूल.

शेवटचे चोवीस तास

२९ डिसेंबर १८९६च्या पहाटे फोर्ट सांतियागोत त्याला शिक्षा वाचून दाखवली. लगोलग जेझुइट आले, जुने मास्तर आणि ओळखीचे पाद्री. त्यांनी सोबत काय आणलं असेल? शाळेत त्यानं कोरलेली ती पवित्र हृदयाची मूर्ती. ती कोठडीतल्या मेजावर ठेवली. यामागे डावपेच होता की माया, हे मला ठरवता येत नाही. त्या पाद्र्यांनाही ते वेगळं करता आलं नसेल.

दुपारी आई आली. तो गुडघ्यांवर बसला, तिचा हात घेऊन ओठांना लावला. पहारेकऱ्यांनी दोघांना दूर केलं. तिनं मुलाचं प्रेत मागितलं होतं, नकार मिळाला. त्रिनिदादला त्यानं स्पिरिटची छोटी शेगडी दिली आणि पहारेकऱ्यांना कळू नये म्हणून इंग्रजीत पुटपुटला, आत काहीतरी आहे. आत त्याची शेवटची कविता होती.

पुढचं बालागेर या जेझुइटाच्या सांगण्यावर उभं आहे. आर्चबिशपनं पाठवलेला लांब मसुदा रिसालनं नाकारला, जेझुइट प्रमुखांचा आखूड मसुदा हातात घेतला, थोडे फेरफार केले आणि रात्री साडेअकराच्या सुमारास स्वतःच्या हातानं लिहून सही केली. ज्या धर्मात जन्मलो-वाढलो त्यातच जगायची आणि मरायची इच्छा आहे; माझ्या बोलण्यात, लिहिण्यात, छापण्यात आणि वागण्यात चर्चच्या मुलाला न शोभणारं जे होतं ते सगळं मनापासून मागे घेतो; मेसन पंथाचा धिक्कार करतो. पहाटे जोसेफिनशी लग्न लागलं. सकाळी सातच्या ठोक्याला बागुंबायानच्या मैदानावर गोळ्या झाडल्या.

वर्तमानपत्रांत मजकूर त्याच दिवशी आला. मूळ कागद मात्र घरच्यांना दाखवला गेला नाही. लग्नाचा दाखला आजवर कुणाला मिळालेला नाही. मग १८ मे १९३५ रोजी मनिलाच्या धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात मानुएल ग्रासिया यांना तो कागद सापडला आणि भांडणाला नवा दारूगोळा मिळाला. रिकार्दो पास्कुआल यांनी अक्षर बनावट ठरवलं. तेओदोरो कालाव हे स्वतः वरच्या पायरीचे मेसन, तरी त्यांनी ते खरं मानलं. छापून आलेल्या आणि सापडलेल्या मजकुरात शब्दांचे फरक आहेत. अलीकडे स्पॅनिश गुप्तचरांच्या अहवालाचीही भर पडली आहे. त्यात सही झाल्याचं आहे, पण बालागेरचं नाव नाही.

माझं मत विचाराल तर त्यानं काहीतरी सही केली असावी. आणि त्यानं चर्चकडे असलेल्या त्याच्या थकबाकीत काही फरक पडत नाही. ज्या कागदावर आपण भांडतो तो एकदा मागितलेला नव्हता, तीनदा मागितला गेला होता. १८९२मध्ये खोलीच्या बदल्यात मागितला. त्यानं दुसरीकडे पथारी टाकली. १८९५मध्ये बायकोच्या बदल्यात मागितला. त्यानं लोकापवाद पत्करला. १८९६मध्ये, काही तासांत विधवा होणाऱ्या मुलीला 'बायको' म्हणता यावं आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी रडणाऱ्या म्हातारीला दिलासा मिळावा, याच्या बदल्यात मागितला. चार वर्षांत पत्रापत्रीनं न हललेला माणूस त्या रात्री हलला असेल, तर तो युक्तिवादानं हललेला नाही. आणि हलला नसेल, तर ज्यांनी ही कथा रचली त्यांनाही कथा पटण्याजोगी करायला नेमकी आई आणि बायकोच लागली.

शेवटच्या सकाळी त्यानं जोसेफिनला केम्पिसचं भक्तिपर पुस्तक दिलं. आत इंग्रजीत लिहिलं होतं, माझ्या प्रिय आणि दुःखी पत्नीस. 'पत्नी' हा शब्द त्याच्या हातचा. दाखला नाही, पण हा शब्द आहे.

मग

माघार घेतली म्हणणाऱ्यांनीही तिसरी खिडकी पूर्ण उघडली नाही. प्रेत पाकोच्या दफनभूमीत गुपचूप पुरलं, पेटीसुद्धा नव्हती. नार्सिसा ही बहीण मनिलाभर कबरी धुंडाळत फिरली. पाकोत नव्या मातीजवळ पहारा दिसला, तेव्हा तिनं राखणदाराच्या हातावर काही ठेवलं आणि खूण म्हणून दगडावर 'आर.पी.जे.' अशी उलटी आद्याक्षरं कोरून घेतली. चर्चच्या वहीऐवजी बहिणीची नोंद.

अमेरिकी राजवटीत सरकारी लग्न आलं, चर्चबाहेर पडायची एक तरी वाट मोकळी झाली. १९०२मध्ये ग्रेगोरियो आग्लिपाय यांच्या नेतृत्वाखाली रोमपासून वेगळं झालेलं फिलिपिनो चर्च उभं राहिलं आणि त्यानं पुढच्याच वर्षी रिसालला संत ठरवून टाकलं. १९५६मध्ये त्याच्या कादंबऱ्या शाळा-कॉलेजांत सक्तीच्या करायचा कायदा सिनेटर क्लारो रेक्तो यांनी आणला, तेव्हा बिशपांनी जोरदार विरोध केला, आणि धार्मिक कारणावरून सूट मागायची पळवाट ठेवूनच तो झाला.

२०२०च्या जनगणनेत ७८.८ टक्के लोक कॅथलिक होते. आज नास्तिक, मुक्तविचारी मंडळींच्या संघटना मनिलात उघडपणे चालतात, कुणी हद्दपार करत नाही. पण चर्चमध्ये लग्न लावायचं तर बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो, आणि तो मागायला जाताना विचारणारी बहुतेक वेळा आईच असते. बाहेर पडणारे सगळे अविश्वासाकडे जातात असंही नाही; कुणी 'इग्लेसिया नी क्रिस्तो' या रोमपासून वेगळ्या फिलिपिनो ख्रिस्ती पंथात जातं, आणि तिथून बाहेरच्याशी लग्न केलं तर तिथूनही नाव कापलं जातं. आजी गेली की नऊ दिवसांच्या 'पासियाम'च्या प्रार्थनेला नातू बसतो, ओठ हलवतो. ढोंग म्हणायचं तर म्हणा. रिसालनं १८८५मध्ये आईला लिहिलेलं उत्तरही काही पूर्ण उघडं नव्हतं.

१७ ऑगस्ट १८९८ला, स्पेनची सत्ता गेल्यावर चारच दिवसांनी, घरच्यांनी पाकोची ती कबर उकरली. हाडं धुतली आणि हस्तिदंताच्या कलशात ठेवली. मुलाचं ख्रिस्ती दफन व्हावं म्हणून झुरलेल्या तेओदोराबाईंच्या घरात, बिनोंदोमध्ये, तो कलश वर्षानुवर्षं राहिला. ऑगस्ट १९११मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षीच्या ३० डिसेंबरला तो उचलून लुनेटाच्या, म्हणजे त्याच बागुंबायानच्या मैदानावरच्या, स्मारकाखाली नेला.